औरंगजेब आपला कोण? 'छावा'ची कादंबरी, चित्रपट आणि मराठवाड्यातली मुस्लिम घरं

औंढा नागनाथ : 'छावा' चित्रपट 14 फेब्रुवारी 2025 ला लागला. त्यानंतरचे सहा-सात आठवडे आठवून पाहा. 19 फेब्रुवारीला शिवजयंती, 26 ला महाशिवरात्री, 2 मार्चपासून रमजानचे रोजे, 13 मार्चला होळी, 17 मार्चला नागपूरची दंगल आणि 31 मार्चला ईद. एवढ्या दिवसांत एका चित्रपटाने महाराष्ट्रातल्या बोलण्याचा सूरच बदलून टाकला. पडद्यावरचा बादशहा बाहेर आला आणि शाळेच्या मैदानात, बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, मोबाइलच्या स्टेटसवर फिरू लागला.

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत त्या काळात एक प्रश्न मुलांनी विचारला. कुठे थेट, कुठे दबक्या आवाजात. "अब्बू, औरंगजेब आपला होता का?" बहुतेक घरांत या प्रश्नाला दोनपैकी एक उत्तर मिळालं. एकतर "गप बस, तो विषय काढू नको." नाहीतर रागाच्या भरात बादशहाची वकिली. दोन्ही उत्तरं मुलाच्या उपयोगाची नाहीत. चित्रपटाची गर्दी ओसरली तरी प्रश्न राहिलाच आहे, म्हणून त्याचं शांतपणे विश्लेषण करायला हवं.

मुळात ती कादंबरी आहे

'छावा' ही शिवाजी सावंत यांची कादंबरी. 1979 साली ती आली. 'मृत्युंजय' लिहिणारे सावंत तोवर मराठी घराघरांत पोहोचले होते. 'छावा'च्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आजही पुस्तक प्रदर्शनात ही जाडजूड कादंबरी पुढच्या टेबलावर असते आणि विकली जाते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या वाचनालयांत ज्या पुस्तकांची पानं हाताळून मऊ झालेली दिसतात, त्यांत ती असतेच.

तिच्या मागची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. छत्रपती संभाजी महाराजांची प्रतिमा मराठीतच फार काळ वाईट रंगवलेली होती. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिली गेली. तिच्यातला संभाजी व्यसनी आणि बेजबाबदार आहे. पुढे नाटककारांनी तोच धागा उचलला. राम गणेश गडकरींच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकावरून झालेला वाद तर इतका टिकला की जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी काढून नदीत टाकला.

या बदनामीला कागदपत्रांनी उत्तर दिलं ते इतिहास संशोधकांनी. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं कष्ट घेऊन 1960 साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. नंतर कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहिलं. संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी लढणारा राजा लोकांसमोर आला. सावंतांची कादंबरी या संशोधनानंतरची आहे. म्हणजे 'छावा' लिहिली गेली तेव्हा तिच्यासमोरचा वाद मराठी समाजाच्या आतलाच होता : आपल्याच बखरकारांनी आपल्या राजावर अन्याय केला का? मुसलमान हा त्या वादाचा विषय नव्हता.

हे आपल्या घरात फार कमी जणांना माहीत आहे. आपण चित्रपट पाहून पुस्तकाबद्दल मत करून घेतो.

पुस्तकातून पडद्यावर येताना काय गळालं

दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, निर्माते दिनेश विजन. संभाजी महाराजांच्या भूमिकेत विकी कौशल, येसूबाई रश्मिका मंदाना, औरंगजेब अक्षय खन्ना, संगीत ए. आर. रहमान यांचं. जगभरातली कमाई 800 कोटींच्या आसपास गेली. 2025 मधल्या सर्वांत मोठ्या हिंदी चित्रपटांत त्याची गणती झाली.

कादंबरी महाराजांच्या जन्मापासून सुरू होते. बाळपणी आईचं जाणं, आग्र्याची भेट, राजवाड्यातले तंटे, वडिलांशी आलेला दुरावा, काही काळ मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत जाणं आणि परत येणं, असा माणूस म्हणून घडत जाणारा राजा दाखवायला कादंबरीला जागा मिळते. चित्रपट सुरू होतो 1681 च्या बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून. तिथून आठ वर्षांच्या लढाया आणि शेवटी संगमेश्वरला झालेली कैद. शेवटचा मोठा भाग महाराजांच्या छळाचा आहे. प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडताना डोळ्यांसमोर तेवढंच घेऊन निघतो. रडणारे, घोषणा देणारे प्रेक्षक आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. गुजरातच्या भरूचमध्ये तर एका दारुड्याने थिएटरचा पडदाच फाडला.

चित्रपटात एक गोष्ट आहे, जिच्याकडे गर्दीने लक्ष दिलं नाही. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर. त्याने 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड केलं आणि पळून दक्षिणेत आला. त्याला आसरा कुणी दिला? छत्रपती संभाजी महाराजांनी. तो पुढची काही वर्षं मराठ्यांच्या आश्रयाने राहिला आणि 1687 मध्ये समुद्रमार्गे इराणला निघून गेला. मोगल बादशहा स्वतः दख्खनमध्ये उतरला, त्यामागे हे बंडखोर पोर हेही एक मोठं कारण होतं. एका मुसलमान शहजाद्याला मुसलमान बादशहापासून वाचवणारा हिंदू राजा. ही कथा 'हिंदू विरुद्ध मुसलमान' या चौकटीत बसत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरलेल्या तुकड्यांत ती कुठेच दिसली नाही.

आणि इथेच खरी अडचण आहे. अडीच तासांहून मोठा चित्रपट थिएटरात किंवा नंतर एप्रिलपासून नेटफ्लिक्सवर पूर्ण पाहणारे वेगळे, आणि तीस सेकंदांचा तुकडा पाहणारे वेगळे. औंढ्यासारख्या तालुक्याच्या गावात दुसऱ्या प्रकारचे प्रेक्षक कितीतरी जास्त. कादंबरीचा चित्रपट झाला, चित्रपटाची रील झाली, रीलचं स्टेटस झालं. प्रत्येक पायरीवर आशय कमी होत गेला आणि राग वाढत गेला.

जबाबदारी नेमकी कुणाची?

चित्रपट लागण्याआधी आणि लागल्यावर दोन वाद झाले. ते आपण नीट पाहिले पाहिजेत.

पहिला वाद ट्रेलरमधल्या लेझीम नृत्याचा. महाराज नाचताना दाखवले म्हणून संघटना आणि राजकीय नेते नाराज झाले. दिग्दर्शक राज ठाकरे यांना भेटले आणि ते दृश्य काढून टाकलं.

दुसरा वाद शिर्के घराण्याचा. चित्रपटात गणोजी आणि कान्होजी यांनी दगा दिल्याचं दाखवलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, नोटीस पाठवली. आमच्या घराण्याची बदनामी झाली, पुरावा कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. दिग्दर्शकाने माफी मागितली. आडनाव आम्ही घेतलेलं नाही, असं स्पष्टीकरण दिलं.

म्हणजे पुरावा मागितला की चित्रपटवाले म्हणतात, आम्ही कादंबरीवर चित्रपट काढला. कादंबरीकार 2002 मध्ये गेले. आणि कादंबरी ही कादंबरीच असते, तिच्यात कल्पना असणारच. मग इतिहास म्हणून जे लाखो लोकांनी मनात साठवलं, त्याची जबाबदारी शेवटी कुणावरच राहत नाही.

शिर्के घराण्याला निदान नोटीस पाठवता आली, कारण ते खरोखर वंशज आहेत. मराठवाड्यातला बागवान, पिंजारी, मोमीन, तांबोळी, मनियार, कुरेशी कुणाला नोटीस पाठवणार? आणि कशाबद्दल? औरंगजेब त्याचा आजा-पणजा नाही. त्याचे पूर्वज इथलेच, याच काळ्या मातीतले. बादशहाच्या फौजेने दख्खन तुडवलं तेव्हा इथल्या गरीब मुसलमानाच्या शेतातली ज्वारीही घोड्यांनीच खाल्ली. तरी बोट मात्र त्याच्याकडे दाखवलं जातं. वंशज नसताना वंशजाची शिक्षा, हे या प्रकरणातलं सर्वांत मोठं दुखणं आहे.

नागपूरला काय झालं

3 मार्चला समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी यांनी औरंगजेबाची बाजू घेणारं विधान केलं. वाद पेटला. त्यांनी विधान मागे घेतलं, तरी 5 मार्चला विधानसभेने त्यांना अधिवेशन संपेपर्यंत निलंबित केलं. मग खुलताबादची कबर हटवण्याची मागणी सुरू झाली.

17 मार्चला नागपूरच्या महाल भागात विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने आंदोलन केलं. औरंगजेबाचा पुतळा आणि हिरवी चादर जाळली. त्या चादरीवर कलमा लिहिलेला होता, अशी बातमी पसरली. पोलिसांनी आणि सरकारने ती अफवा असल्याचं सांगितलं. संध्याकाळी दगडफेक आणि जाळपोळ झाली. अनेक पोलीस जखमी झाले, बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. जखमी झालेल्या एका मुस्लिम माणसाचा काही दिवसांनी दवाखान्यात मृत्यू झाला. रमजानचा महिना चालू होता.

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत निवेदन केलं. 'छावा' चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना पेटल्या आहेत, पण सर्वांनी संयम ठेवावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चित्रपट आणि रस्ता यांचा संबंध सरकारच्या प्रमुखानेच सभागृहात जोडला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याआधी 21 फेब्रुवारीला दिल्लीत 98 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी या चित्रपटाचं कौतुक केलं होतं. मध्य प्रदेश आणि गोव्याने तो करमुक्त केला होता. एखाद्या कलाकृतीला सत्तेचा एवढा हात लागला की ती नुसती कलाकृती राहत नाही.

24 मार्चला दंगलीतल्या मुख्य आरोपीचं घर महापालिकेने बुलडोझरने पाडलं. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्येच सांगून ठेवलं आहे की आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येत नाही. पुढे महापालिकेला कोर्टात माफी मागावी लागली. माफीने कोर्टातलं प्रकरण मिटतं. पाडलेलं घर पुन्हा उभं राहत नाही.

त्याच काळात बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. चित्रपटात मोगलांचा खजिना पाहिला म्हणून! सिनेमा आणि इतिहास यांतला फरक पुसला गेला की एकीकडे शेत खणलं जातं, दुसरीकडे शहर जळतं. कारण एकच.

कबरीचा वाद आणि दुसरे आवाज

औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मेला आणि खुलताबादला शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. कबर साधी, वर छप्पर नाही. भारतीय पुरातत्त्व खात्याची ती संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे तिचं रक्षण करणं सरकारला बंधनकारक आहे, हे मुख्यमंत्र्यांनीही मान्य केलं.

याच वादात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुनील आंबेकर यांनी औरंगजेब आज प्रासंगिक नाही, असं सांगितलं. भैय्याजी जोशी यांनी हा विषय विनाकारण काढला गेला, असं म्हटलं आणि शिवाजी महाराजांनी अफझलखानाची कबर बांधू दिली, याची आठवण दिली. आपल्या लोकांनी हेही ऐकलं पाहिजे. समोरचा सगळा समाज एका आवाजात बोलतोय, असं समजणं चूक आहे.

संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज लहानपणी आईबरोबर मोगलांच्या कैदेत गेले. 1707 मध्ये सुटून आल्यावर ते खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर जाऊन आले, असं अनेक इतिहासकारांनी नोंदवलं आहे. ज्याच्या वडिलांना मारलं गेलं तो मुलगा तिथे गेला. त्याच्या मनात काय होतं, यावर कुणी कादंबरी लिहिली तर वाचायला आवडेल.

आपण औरंगजेबाचे वकील नाही

आता आपल्या घराकडे येऊ. इथे थोडं कडू बोलावं लागेल.

छत्रपती संभाजी महाराजांना 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरला पकडलं आणि 11 मार्चला हाल करून मारलं. हे मोगलांच्या फारसी साधनांतच आहे, कुणी नंतर रचलेलं नाही. 1669 चा मंदिरं पाडण्याचा हुकूम, 1679 चा जिझिया, 1675 मध्ये गुरू तेगबहादूर यांची हत्या, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. काही मठ-मंदिरांना त्याने दिलेल्या सनदाही आहेत, त्याच्या फौजेत मोठमोठे राजपूत आणि मराठे सरदारही होते. पण सनदांनी हत्या पुसल्या जात नाहीत. आपले काही तरुण सोशल मीडियावर फक्त सनदांचे फोटो टाकतात. त्याने समोरच्याचं मत बदलत नाही, आपणच अर्धं सत्य सांगतोय असं दिसतं.

त्याच औरंगजेबाने सख्खा भाऊ दारा शिकोहला मारलं, बाप शहाजहानला मरेपर्यंत कैदेत ठेवलं, सूफी फकीर सरमदचं डोकं उडवलं. विजापूर 1686 मध्ये आणि गोवळकोंडा 1687 मध्ये त्याने बुडवलं, दोन्ही मुसलमानांची राज्यं. ही लढाई गादीची आणि मुलखाची होती. धर्माचा वापर त्याने केला, जसा सत्ताधारी नेहमी करतात.

आपल्या दीनचा मापदंड लावला तर? कैद्याला जेवू घालणाऱ्याची कुरआनात तारीफ आहे. शत्रूचे अवयव तोडून विटंबना करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. या मापाने तुळापूरला जे झालं त्याचं समर्थन एकाही मुसलमानाला करता येत नाही. बादशहा नमाजी होता, टोप्या शिवायचा, हे सांगून जुलूम झाकला जात नाही. हे आपण आधी आपल्या मुलांना सांगितलं पाहिजे, बाहेरच्या कुणी सांगायची वाट न पाहता.

उलट बाजूला काय आहे तेही सांगावं. शिवछत्रपतींच्या सैन्यात नूरखान बेग, सिद्दी हिलाल, आरमारात दौलतखान, फारसी कारभारात काझी हैदर होते. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीरांवरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा 'शिवभारत' ग्रंथात आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. आपली ओळख सांगायची तर हा वारसा आहे. दिल्लीच्या तख्तापेक्षा तो आपल्या जास्त जवळचा आहे.

औंढ्याला हा प्रश्न जास्त लागतो

औंढा नागनाथाचं मंदिर पाहिलेल्या कुणालाही एक गोष्ट दिसते. खालचा भाग काळ्या दगडात कोरलेला, हेमाडपंती. वरचा भाग पांढरा, वेगळ्या धाटणीचा. औरंगजेबाच्या फौजेने वरचा भाग पाडला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. महाशिवरात्रीच्या यात्रेला दूरदूरहून आलेला भाविक हे ऐकतो. 2025 मध्ये त्याने बारा दिवस आधी लागलेला चित्रपटही पाहिलेला होता.

या गावातल्या मुस्लिम कुटुंबाने यावर काय म्हणायचं? नाकारायचं कारण नाही, वाद घालायचंही कारण नाही. ज्यांची श्रद्धा दुखावली त्यांच्या दुःखात वाटेकरी होता येतं. पण त्याच मंदिराची दुसरी कथाही तितक्याच आपुलकीने सांगितली जाते. संत नामदेवांना पुजाऱ्यांनी पुढून उठवलं, ते मागे जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचा संबंधही याच औंढ्याशी. नामदेवांचं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात. म्हणजे या एका देवळाजवळ मोडतोडीची आठवण आहे आणि हाकललेल्या माणसाला जवळ घेण्याचीही आठवण आहे. कोणती आठवण मोठ्याने सांगायची, हे आजच्या लोकांनी ठरवायचं असतं. इथले फुलवाले, नारळवाले, ऑटोवाले, हॉटेलवाले, सगळ्यांची रोजी यात्रेवर. गावात शांतता नसेल तर दोन्ही समाजांची चूल बंद पडते.

आणखी एक नाव याच जिल्ह्यातलं. नरहर कुरुंदकर, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं घराणं. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची प्रस्तावना आहे. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीच्या पहिल्या पानांतच शिवचरित्राची चिकित्सा, प्रश्न, पुरावे, तर्क. त्या वेळच्या वाचकाला कादंबरी आणि इतिहास दोन्ही एकाच पुस्तकात मिळाले आणि दोन्ही वेगळे आहेत हेही कळलं. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगलांची फारसी साधनं मराठीत आणून ठेवली. ही पुस्तकं मराठीत आहेत, आपण मराठी वाचणारे लोक आहोत. तरी आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत ती आहेत?

घरात करण्यासारखं काय

पहिलं, मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्या. साधं, तीन वाक्यांत. औरंगजेब तीनशे वर्षांपूर्वीचा बादशहा होता. त्याने संभाजी महाराजांवर जुलूम केला, तो चूक होता. तो आपला नातेवाईक नाही आणि त्याच्या कर्माचा हिशोब आपल्याला द्यायचा नाही. असं उत्तर मिळालेलं मूल शाळेत कुणी 'औरंग्या' म्हणून चिडवलं तरी गोंधळत नाही.

दुसरं, चिडवणं वारंवार होत असेल तर गप्प बसू नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा, नंतर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तक्रार मुलाच्या त्रासाची करा, इतिहासाचा वाद तिथे नेऊ नका. मराठी शाळांतले बहुतेक शिक्षक अशा वेळी ऐकून घेतात, पण त्यांना कुणी सांगतच नाही.

तिसरं, मोबाइल. जून 2023 मध्ये कोल्हापुरात काय झालं ते आठवा. काही पोरांनी स्टेटस ठेवलं, 7 जूनला शहर पेटलं. त्यात अल्पवयीन मुलांची नावं आली. दुकानं फुटली ती मात्र ज्यांनी स्टेटस पाहिलंही नव्हतं त्यांची. भारतीय न्याय संहितेचं कलम 196 समाजांत तेढ निर्माण करण्याबद्दल, 299 धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आणि 353 अफवा पसरवण्याबद्दल आहे. एकदा गुन्हा दाखल झाला की नोकरी, पासपोर्ट, कॉलेज सगळीकडे अडतं. औरंगजेबाचा फोटो ठेवून तुम्ही कुणाचा मान राखला? दीनचा नाही, गावाचा नाही, आईबापाचा तर नाहीच.

चौथं, उलट बाजूने कुणी भडकाऊ मजकूर टाकला तर उत्तर टाकू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. हीच कलमं सगळ्यांना लागू आहेत. कायदा आपल्यासाठीही आहे, हे वापरल्याशिवाय सिद्ध होत नाही.

पाचवं, शांतता समितीच्या बैठका. सणाआधी पोलीस ठाण्यात त्या होतात. आपल्याकडून तीच ती चार वयस्कर माणसं जातात, चहा पितात, येतात. तिथे शिकलेले तरुण आणि बहिणीही गेल्या पाहिजेत. यात्रेच्या आणि ईदच्या वेळी गावातल्या दोन्ही बाजूंच्या दहा माणसांचे फोन नंबर एकमेकांकडे असले तर अफवा दहा मिनिटांत तपासता येते. नागपूरला जे झालं त्यात एका अफवेचा वाटा होता, हे विसरू नका.

आणि शेवटचं, कादंबरी वाचा. होय, 'छावा' वाचा. आवडणार नाही असा भाग येईल, काही ठिकाणी मन दुखेल. पण वाचलेल्या माणसाशी कुणी वाद घालायला आलं तर तो विचारू शकतो, शहजादा अकबराचं प्रकरण वाचलंस का? पुस्तक न वाचता भांडणारे दोन्हीकडे भरपूर आहेत. वाचून बोलणारा गावात एक जरी असला तरी चावडीवरचा आवाज खाली येतो.

पुढचा चित्रपट येणारच आहे

800 कोटींचा धंदा पाहिल्यावर असे आणखी चित्रपट येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांची कमी नाही, त्यांतल्या बऱ्याचशा युद्धांवरच्या आहेत. प्रत्येक वेळी सेन्सॉर बोर्डाकडे पाहून किंवा बंदीची मागणी करून काही साधणार नाही. बंदी मागितली की चित्रपट जास्त चालतो आणि आपण मात्र औरंगजेबाच्या बाजूचे ठरतो.

मागायचं असेल तर दुसरं मागूया. इतिहासावरच्या चित्रपटाने कोणता प्रसंग साधनांत आहे आणि कोणता कल्पनेचा, हे ठळकपणे सांगावं. एक मिनिटाची इंग्रजी सूचना पडद्यावरून पळवून नेली, एवढ्याने भागत नाही. शिर्के घराण्याला मिळालेलं स्पष्टीकरण हा सगळ्याच प्रेक्षकांचा हक्क आहे. चित्रपटानंतर रस्त्यावर कुणी हात उचलला तर कारवाई नाव न बघता व्हावी. आणि सभागृहात चित्रपटाचं नाव घेणाऱ्या सरकारने, पुढचा चित्रपट लागण्याआधी जिल्ह्याजिल्ह्यात शांतता समित्यांना कामाला लावावं.

एवढं सरकारने करायचं. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचं काम मात्र घरातल्या मोठ्यांचं आहे, ते आज संध्याकाळीही करता येईल.